बालगृहानंतरचा पत्ता : अनुरक्षणाच्या अभ्यासाला प्रस्तावना

हिंगोली, परभणी, नांदेड या भागातल्या शाळांची जुनी रजिस्टरे चाळली, तर १ जून ही जन्मतारीख फार वेळा दिसते. मूल शाळेत घालायला आलेल्या माणसाला तारीख सांगता आली नाही, की गुरुजी १ जून टाकत आणि दाखला पुढे सरकत असे. घरी वाढणाऱ्या मुलाचे त्यामुळे फारसे बिघडत नाही. बालगृहात वाढणाऱ्याचे बिघडते. अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृहात राहण्याचा त्याचा कायदेशीर आधार संपतो. आणि तो दिवस १ जून असेल तर बारावीचा निकाल नुकताच लागलेला असतो, महाविद्यालयांचे प्रवेश तोंडावर असतात, आयटीआयची यादी लागायची असते. एका जागी बसून कागदपत्रे जमवायची ज्या दिवसांत गरज, त्याच दिवसांत त्याला डोक्यावर छप्पर शोधत फिरावे लागते.

आपल्या अभ्यासविषयात शिरायला ही तारीख चांगली वाट आहे. बालगृह किंवा निरीक्षणगृह सोडणाऱ्या तरुणांना शिक्षण, निवारा, कामधंदा आणि माणसांची सोबत मिळेपर्यंत जो आधार द्यायचा, त्याला आपल्या कायद्यात अनुरक्षण म्हणतात. समाजकार्य महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बालसंरक्षणाचा भाग येतो, पण हे प्रकरण बहुधा शेवटच्या तासाला उरकले जाते. बालगृहांतले अधीक्षक, परिविक्षा अधिकारी, काळजीवाहक यांना मात्र ते रोज भेटते. ‘१८ प्लस मुलांचे काय करायचे’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न आहे. या विषयाकडे वळू पाहणारे विद्यार्थी, संस्थांतले कर्मचारी, महाविद्यालयांतले प्राध्यापक आणि स्वतः बालगृहात वाढून आता मागे वळून पाहणारे तरुण, अशा सगळ्यांचे इथे स्वागत आहे. या शेवटच्या गटाचे विशेष, कारण या विषयातले पहिले जाणकार तेच आहेत.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मधले कलम ४६ संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात मिसळण्यासाठी अर्थसाहाय्य देता येईल, असे सांगते. देता येईल, दिलेच पाहिजे असे नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत हा आधार २१ वर्षांपर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे, म्हणजे २३ पर्यंत नेता येतो. सहा ते आठ जणांनी मिळून राहायची घरे, शिक्षण व प्रशिक्षण चालू असताना विद्यावेतन, समुपदेशक, छोट्या धंद्यासाठी कर्ज, असे बरेच काही त्या नियमांत आहे. मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपये धरले आहेत. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याची पुढची योजना तयार करून बालकल्याण समितीपुढे ठेवावी, असाही नियम आहे.

दोन महिने. अठरा वर्षांच्या आयुष्यानंतरची व्यवस्था दोन महिन्यांत बसवायची. या विषयातले बरेच अपयश या मुदतीत दडलेले आहे, असे माझे मत आहे. कोणत्या विषयात गती आहे, हाताला कोणते काम बसते, गावाकडे कोण आहे, मामा की आत्या, त्यांच्याशी बोलणे चालू आहे का, हे सगळे चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून हळूहळू उलगडत जायला हवे. बालगृहातल्या प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक काळजी योजनेचा नमुना भरावा लागतो. त्यात भविष्याचा रकाना असतो. बऱ्याच फायलींत तिथे ‘पुढे शिकण्याची इच्छा आहे’ एवढेच वाक्य आढळते, आणि ते वर्षानुवर्षे तसेच उतरवले जाते.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तिथे जन्मलेल्या एका मुलाला पुढे दत्तक घेतले. तो यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी रुग्णांची सेवा केली ती त्याच्याच दवाखान्यात. मूल वाचवणे, वाढवणे आणि व्यवसायाला लावणे ही तिन्ही कामे त्या घराने एकाच धाग्यात ओवली. पंढरपूरला १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालकाश्रम काढला. महर्षी कर्व्यांची अनाथ बालिकाश्रम मंडळी १८९६ ची. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना छपाई, विणकाम, शेती अशी पोटाची विद्या दिली. पुण्यात १९०९ मध्ये निघालेले अनाथ विद्यार्थी गृह आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखले जाते. साताऱ्यात १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी काढलेल्या बोर्डिंगात मुले राबून शिकली. या परंपरेत वयाची भिंत नव्हती. मुलगा मॅट्रिक झाला, नोकरीला लागला, की तो बाहेर पडे. वाढदिवस आला म्हणून कोणी त्याला निघायला सांगत नसे. वयाची भिंत पुढे बालकायद्यांबरोबर आली. त्यातला १९२४ चा कायदा मुंबई इलाख्यापुरता होता. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती, म्हणून ही संस्थात्मक परंपरा मराठवाड्यात उशिरा पोचली.

परक्या घरात वाढण्याची आठवण मात्र या मातीत फार जुनी आहे. हिंगोलीजवळचे नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच नामदेवांच्या घरी आली आणि तिथेच वाढली, असे परंपरा सांगते. त्या घरात तिच्या वाट्याला दळण-कांडण आले, तसेच अभंगही आले. तिने आपल्या अभंगांवर नामदेवांच्या नावाची मोहोर ठेवली, आणि सातशे वर्षांनंतरही ती त्या घरातलीच म्हणून ओळखली जाते. दासीपण आणि आपलेपण तिच्या वाट्याला एकाच दारातून आले. संगोपन कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्याने या गुंत्याकडे डोळेझाक करू नये, कारण आजही नातेवाइकांच्या घरी ठेवलेल्या मुलीच्या वाट्याला प्रेम आणि राबणूक यांचे प्रमाण किती येते, हे घराघरावर ठरते.

मराठवाड्याच्या वाट्याला या विषयातला मोठा प्रसंग आला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादमधली गावे आडवी झाली आणि एका रात्रीत शेकडो मुले आईबापांवाचून उरली. तेव्हा तीन वेगळ्या वाटा एकाच वेळी चोखाळल्या गेल्या. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. वाघोलीचे त्यांचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातून उभे राहिले. नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी ‘आपलं घर’ काढले, म्हणजे मुले आपल्या भागात, आपल्या भाषेत, आपल्या माणसांच्या जवळ राहिली. लातूरला एसओएस बालग्राम आले, तिथे एका आईच्या हाताखाली काही मुलांचे छोटे कुटुंब ही रचना होती. दूर शहरात मोठे वसतिगृह, जवळ छोटी संस्था, आणि कुटुंबासारखे घर: जगभरचे अभ्यासक ज्या तीन पद्धतींची तुलना करत असतात, त्या आपल्याच मराठवाड्यातल्या एका आपत्तीतून उभ्या राहिल्या. ती मुले आज पस्तिशी-चाळिशीत आहेत. कोणी शिक्षक असेल, कोणी पुण्यात धंद्यात असेल, कोणी किल्लारीला परत शेती करत असेल. पुण्याला गेलेल्यांना गावाकडची जमीन वाटणीत मिळाली का? नळदुर्गला राहिलेल्यांना संधी कमी मिळाल्या, की आधार जास्त मिळाला? बालग्रामातल्या आईशी नाते टिकले का? अठरा वर्षांनंतर काय होते हे तीस वर्षांच्या अंतरावरून सांगू शकणारी इतकी माणसे एका टापूत क्वचितच सापडतात. मराठवाड्यातल्या तरुण संशोधकाने विषय शोधत दिल्लीकडे पाहण्याआधी औसा-उमरग्याची एसटी पकडावी.

बाहेरच्या जगातले संशोधन मात्र सोबत घ्यावे. इंग्लंडमधले माइक स्टाइन यांनी संस्था सोडणाऱ्या तरुणांवर अनेक दशके काम केले. त्यांचे एक निरीक्षण फार उपयोगी आहे: घरातल्या मुलांचे मोठे होणे लांबते, संस्थेतल्या मुलांचे मात्र घाईने, एका झटक्यात उरकले जाते. जॉन कोलमन या मानसशास्त्रज्ञाच्या मते तरुण माणूस एका वेळी एका बदलाशी झुंजतो, एक स्थिरावला की दुसऱ्याला हात घालतो, म्हणून तो तगतो. बालगृह सोडणाऱ्याला शिक्षण, घर, पैसा, मित्र, जेवण, एकटेपण हे सगळे बदल एकाच आठवड्यात येऊन भिडतात. अमेरिकेत मार्क कोर्टनी आणि सहकाऱ्यांनी आयोवा, विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या तीन राज्यांतल्या अशा तरुणांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. इलिनॉयमध्ये २१ वर्षांपर्यंत राहण्याची सोय होती, आणि तिथली मुले महाविद्यालयात अधिक प्रमाणात गेलेली दिसली. इंग्लंडने २००० च्या कायद्याने अशा तरुणाला स्वतःचा सल्लागार दिला आणि २०१७ मध्ये ती सोय २५ वर्षांपर्यंत नेली. आपल्याकडे उदयन केअर या संस्थेने महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या अनुरक्षणाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. या क्षेत्रात येणाऱ्याने तो सुरुवातीलाच वाचावा.

हे सिद्धान्त हिंगोलीत आणून पाहिले की लख्ख दिसू लागतात. इथल्या साध्या शेतकरी घरातला मुलगा बारावीनंतर नांदेडला शिकायला जातो. चौघांत खोली घेतो. सोयाबीन विकले की बाप फीचे पैसे पाठवतो. गावाकडून येणाऱ्या एसटीत कंडक्टरच्या हाती शेंगदाण्याची चटणी नि भाकरी येते. मुलगा एका विषयात राहिला तर बोलणी खातो, पण घराबाहेर काढला जात नाही. ताप आला तर आई रात्रीच्या गाडीने येऊन बसते. दिवाळीला तो घरी जातो. तेवीस-चोविसाव्या वर्षी कुठे नोकरीला चिकटतो, आणि तोवर त्याला कोणी परावलंबी म्हणत नाही, शिकतोय म्हणतात. ज्याच्यामागे कोणी नाही त्याच्याकडून मात्र आपण अठराव्या वर्षी स्वावलंबनाची अपेक्षा करतो. ही मोजपट्टी उलटी आहे. या क्षेत्रात येणाऱ्याने ती आधी खाली ठेवावी, असे मला कळकळीने सांगायचे आहे. टेकायला जागा असली की माणूस पायावर उभा राहतो. घरातल्या मुलाला ती जागा न मागता मिळते, आणि अनुरक्षणाचे सगळे काम तशी जागा मुद्दाम उभी करण्याचे आहे.

शासनाला हे कळत नाही असे नाही. कोविडमध्ये आईवडील गमावलेल्या मुलांसाठी २०२१ मध्ये पीएम केअर्सची योजना आली, तेव्हा अठरा ते तेवीस या वयात दरमहा विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी १० लाख रुपये, अशी तिची आखणी झाली. शिक्षण पूर्ण व्हायला तेवीस उजाडते, हे तिथे गृहीत धरले गेले. मग साप चावून, ट्रॅक्टर उलटून, क्षयाने किंवा कर्जापायी ज्यांचे आईबाप गेले, त्यांचे शिक्षण लवकर संपते का? या दोन व्यवस्था शेजारी ठेवून केलेला एखादा नीट अभ्यास धोरण बदलायला कामी येईल.

आता कागदांकडे वळू. इथे थोडे थांबावे लागेल, कारण मोठमोठे हेतू इथेच अडतात.

तालुक्याच्या गावातले एक आपले सरकार सेवा केंद्र डोळ्यांपुढे आणा. बालगृहातून दोन महिन्यांपूर्वी बाहेर पडलेला मुलगा महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आला आहे. केंद्रचालक आधार क्रमांक टाकतो. ओटीपी जातो तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो क्रमांक असतो जुन्या अधीक्षकांचा, ज्यांची बदली होऊन वर्ष झाले. त्यांना फोन लावला तर ते बैठकीत. ओटीपीची मुदत संपते. दुसऱ्यांदा टाकला, तोही गेला. पुढचा रकाना उत्पन्नाच्या दाखल्याचा. उत्पन्न कोणाचे दाखवायचे? तलाठी वडिलांचा सातबारा किंवा रेशनकार्ड मागतो. रहिवासी दाखल्यासाठी पत्ता हवा. शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर पत्ता बालगृहाचा, जिथे आता तो राहत नाही. बँकेचे खाते अज्ञान असताना काढलेले, ते सुरू ठेवायला नव्याने केवायसी, आणि त्यासाठी पुन्हा पत्ता. मागे रांग वाढत जाते. चालक चांगला माणूस असतो. म्हणतो, ‘तू उद्या ये, कोणाला तरी सोबत घेऊन ये.’ सोबत आणायला कोणी असते, तर त्याला हा अर्ज भरायला एकट्याने यावे लागले नसते.

यातली एकही अडचण मोठी नाही. प्रत्येकीवर उपाय आहे, आणि तो मूल संस्थेत असतानाच करता येतो. सोळाव्या वर्षी पुढेही त्याच्याकडेच राहील असा मोबाइल क्रमांक आधारला जोडायचा. सतराव्या वर्षी जातीचा, अधिवासाचा, अनाथ असल्यास अनाथ प्रमाणपत्राचा प्रस्ताव पाठवायचा. बाहेर पडताना सगळ्या मूळ प्रतींची फाइल त्याच्या हातात द्यायची आणि एक संच संस्थेत ठेवायचा. अनाथ प्रमाणपत्र देणारे हिंगोलीचे विभागीय कार्यालय छत्रपती संभाजीनगरला, दोनशे किलोमीटरहून दूर. तिथला पाठपुरावा अठरा वर्षांच्या मुलावर सोडणे योग्य नाही.

अनाथ प्रमाणपत्राचा विषय स्वतंत्रपणे अभ्यासण्यासारखा आहे. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने अनाथांना शिक्षणात आणि शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण दिले. त्यामागे अमृता करवंदे या तरुणीचा लढा होता. ती गोव्याच्या अनाथालयात वाढली, पुण्यात शिकली, स्पर्धा परीक्षेत गुण मिळवूनही प्रवर्गाच्या रकान्यात तिला जागा सापडली नाही, आणि तिने तो प्रश्न थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत नेला. बालगृहात वाढलेल्या मुलीने राज्याचे धोरण बदलवले, हे या क्षेत्राच्या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवे. पुढे ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने अनाथांचे संस्थात्मक आणि संस्थाबाह्य असे दोन वर्ग केले. जुलै २०२४ मध्ये मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले, तेव्हा या दोन्ही वर्गांतल्या अनाथ मुलग्यांनाही ती माफी लागू झाली. हिंगोलीतल्या किती मुलग्यांना हे ठाऊक आहे, आणि किती महाविद्यालयांच्या कार्यालयात कोणी ते आपणहून सांगते, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याच्या लघुशोधप्रबंधाला पुरेसा आहे.

पण बालगृहातली बरीच मुले अनाथाच्या व्याख्येत बसत नाहीत. बापाने औषध पिऊन जीव दिला, आईने दुसरे घर केले. किंवा आई गेली आणि बाप उसाच्या टोळीबरोबर सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात. कागदावर पालक हयात आहे, म्हणून अनाथ प्रमाणपत्र नाही. प्रत्यक्षात जायला घर नाही. कुटुंबात वाढणाऱ्या अशाच मुलांसाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे. आता तिला सावित्रीबाईंचे नाव आहे आणि २०२३ पासून मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. आजी-आजोबा, काका, एकटी आई यांच्या हाताला तो मोठा टेकू आहे. तोही अठराव्या वर्षी निघतो. म्हणून अनुरक्षण म्हणताना आपण फक्त बालगृहाच्या दारातून बाहेर पडणारे मोजले, तर आजीच्या घरातून बाहेर पडणारी कितीतरी मुले हिशेबातून सुटतील. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तीच संख्येने जास्त असण्याचा संभव आहे.

मुलींबाबत एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. अठरा पूर्ण झाल्यावर स्थळ पाहून लग्न लावणे, हा आपल्याकडे पुनर्वसनाचा सर्वांत सोपा मार्ग मानला जातो. मांडव पडतो, पाहुणे कन्यादान करतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, आणि फाइल बंद होते. लग्नाला विरोध नाही. घर हवेसे वाटणे हे तर या मुलींच्या मनाचे फार खरे मागणे असते. पण लग्नानंतर मुलीला माहेर लागते. पहिले बाळंतपण, भाऊबीज, नवऱ्याशी बिनसल्यावर डोके शांत करायला चार दिवस. माहेर नसलेल्या मुलीला सासरी सोसावे लागते ते कोण मोजते? सिंधुताई सपकाळांच्या संस्थांत सासरी गेलेल्या लेकी परत येत राहिल्या, जावई येत राहिले. ते नाते एका बाईच्या मायेवर उभे होते. शासकीय गृहात अधीक्षिका बदलतात, म्हणून तिथे हीच गोष्ट नियमाने करावी लागेल. लग्न झालेल्या मुलीकडे निदान तीन वर्षे कोणी जाऊन येते का, ही साधी नोंदही आपल्या अहवालांत नसते. आणि शिकायची इच्छा असलेल्या मुलीसमोर स्थळ आणि वसतिगृह हे दोन्ही पर्याय खरेखुरे ठेवले गेले का, हे तिच्याच तोंडून ऐकायला हवे.

अठरानंतर कुठे जायचे, या प्रश्नाला महाराष्ट्रात ज्यांनी आपापली उत्तरे दिली, त्यातली दोन परस्परांशेजारी ठेवण्यासारखी आहेत. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर दिव्यांग, बेवारस मुलांना आपले आडनाव देऊन वाढवतात. अठरा वर्षांनंतर या मुलांना बाहेर काढू नका, त्यांच्यासाठी कायदा करा, अशी त्यांची अनेक वर्षांची मागणी आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांची लेक माला पापळकर ही दृष्टिहीन तरुणी लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक परीक्षेत यशस्वी झाली. जळगावच्या रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली ही मुलगी. अठराव्या वर्षी तिला घर सोडावे लागले असते, तर ब्रेलमधून आणि ध्वनिमुद्रित पुस्तकांतून चाललेला तो अभ्यास कोणत्या खोलीत झाला असता?

दुसरे उत्तर लातूर जिल्ह्यातल्या हासेगावचे. रवी बापटले यांनी २००७ मध्ये एचआयव्हीग्रस्त मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केले. ही मुले जगली, मोठी झाली, आणि अठरा ओलांडल्यावर कुठे जायचे हा प्रश्न आला. त्यांच्यासाठी त्यांनी ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ उभे केले. तिथे तरुण राहतात, काम करतात, त्यांची लग्नेही लागली. एका ठिकाणी आयुष्यभराचे घर, दुसरीकडे संस्थेला लागून नवी वस्ती. जिथे अपंगत्व किंवा आजारामुळे समाज दार लावून घेतो, तिथे ही दोन्ही उत्तरे मला योग्य वाटतात. पण धडधाकट मुलांबाबत मी वेगळा विचार करतो. त्यातल्या अनेकांना बाहेर जायचेच असते. घंटेवर उठणे, रांगेत ताट धरणे, साबण मोजून मिळणे याचा त्यांना कंटाळा आलेला असतो. त्यांना आणखी पाच वर्षे तिथेच ठेवणे म्हणजे मदत नव्हे. त्यांना हवा आहे परत येण्याचा हक्क: नोकरी सुटली तर महिनाभर राहायला जागा, सणाला जेवण, अर्जावर लिहायला पत्ता.

संस्थेत वाढल्याने काही साध्या गोष्टी शिकायच्या राहतात, हेही लक्षात घ्यावे. बारावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलाने कधी गॅस लावलेला नसतो, बाजारात भाजीचा भाव केलेला नसतो, एकट्याने एसटीने प्रवास केलेला नसतो. खोलीमालकाने अनामत परत दिली नाही तर काय बोलायचे, मित्राने उसने मागितले तर नाही कसे म्हणायचे, हे त्याने कोणाकडे पाहून शिकायचे? पहिला पगार चार दिवसांत संपवणारी मुले उधळी नसतात. महिनाभराचा खर्च त्यांच्या हातून कधी झालेलाच नसतो. महिन्यातून एक रविवार स्वयंपाकघर मुलांच्या ताब्यात देणे, सोळा वर्षांच्या मुलाला आठवड्याचा बाजार करायला पाठवून हिशेब लिहायला लावणे, असे उपाय करायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

जिल्हा म्हणून हिंगोलीची स्वतःची परिस्थिती आहे. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला, हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा हा छोटा जिल्हा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि हळदीच्या हंगामात मोंढ्यात हाताला काम लगेच मिळते. बालगृहातून निघालेल्या मुलासाठी हीच सोय आणि हाच सापळा. पोती उचलली की संध्याकाळी रोख हातात पडते, आणि प्रवेशाची तारीख निघून जाते. औंढा तालुक्यात दुधाळा इथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा येते आहे, हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. या दोन्हींमुळे तंत्रज्ञ, परिचर, वीजतंत्री, वाहनचालक अशी कामे जिल्ह्यातच निघतील. त्यासाठी आयटीआय आणि परिचर्येच्या अभ्यासक्रमांची तयारी दहावीपासून करून घेतली, तर काही मुलांना पुण्याच्या कंपन्यांबाहेरच्या खोल्यांत हरवून जावे लागणार नाही. छोट्या जिल्ह्याचा एक फायदाही आहे: जिल्हा बाल संरक्षण कक्ष, आयटीआयचे प्राचार्य, अग्रणी बँकेचे व्यवस्थापक आणि महाविद्यालयांचे कार्यालयप्रमुख एका दुपारी एका टेबलाभोवती बसू शकतात. वर्षाला अठरा पूर्ण करणारी मुले नावानिशी ओळखता येतील इतकीच असतात.

अभ्यास करू इच्छिणाऱ्यांना शेवटी कामाच्या काही गोष्टी. पाच वर्षांपूर्वी संस्था सोडलेल्यांपासून सुरुवात करा. संस्थेतल्या मुलांच्या मुलाखती घेणे सोपे असते, कारण ती समोर बसवली जातात. बाहेर गेलेली शोधावी लागतात, आणि या विषयाचे ज्ञान त्यांच्याकडे आहे. पत्ता संस्थेच्या रजिस्टरात सापडला नाही तर बरोबरीच्या मुलांना विचारा. त्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर कोण कुठे आहे ते कळते. आईवडिलांबद्दल पहिला प्रश्न विचारू नका. काम काय करता, खोली कितीला पडते, आजारी पडलात तेव्हा कोणाला फोन केला, इथून बोलणे सुरू करा. यातल्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून अनुरक्षण कुठवर पोचले ते कळते. नावे आणि छायाचित्रे छापू नका. कित्येकांनी सासरी, कारखान्यात, वर्गात आपण कुठे वाढलो हे सांगितलेले नसते, आणि ते न सांगण्याचा त्यांना अधिकार आहे. बोलावलेत तर त्यांचा दिवसाचा रोज आणि गाडीभाडे तुमच्या संशोधनाच्या खर्चात धरा. शक्यतो रविवारी भेटा. बाकीच्या दिवशी ते कामावर असतात.